कसबे सर आणि मशीनचा गळा

पोरांनी एखादं गाणं फार सुंदर केलं की आमचे कसबे सर ते पुसून टाकायला लावतात.

"छान झालं?"

"हो सर!"

"सगळ्यांना आवडलं?"

"हो सर!"

"मग पुसा."

पोरं हळहळतात. एखादी मुलगी रडकुंडीला येते. पण टॅबवर बोट दाबावंच लागतं. "उद्या दात घासताना तोंडात आलं तर ते गाणं तुमचं," सर समजावतात. "नाही आलं तर कंपनीचं होतं, कंपनीला परत गेलं." दुसऱ्या दिवशी ज्याच्या तोंडात चाल उरली असेल त्यानं उभं राहून ती म्हणायची, आणि मगच मशीनकडून ते गाणं नव्यानं करून घ्यायचं.

शमुवेल कसबे त्यांचं नाव. जामखेडहून खर्ड्याकडं जाताना आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या माध्यमिक शाळेत ते संगीत शिकवतात आणि मी मराठी. शर्टाचं वरचं बटण मे महिन्यातही लावलेलं. खिशात बाजाच्या पेटीतली एक सुटी पितळी पट्टी. राग आला की ती ओठांत धरून फुंकतात. "तोंडातून शिवी जाण्यापेक्षा पंचम गेलेला बरा," असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापकांच्या प्रत्येक बैठकीत दोन-तीन वेळा तरी पंचम जातो. रविवारी ते जामखेडच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, आणि गेल्या वर्षापर्यंत तिथं त्यांचा खाडा झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. लग्न केलं नाही. शाळेमागच्या खोलीत एकटेच राहतात आणि रेडिओवरच्या बातम्यांशी मोठ्यानं वाद घालतात.

आमच्या शाळेत मुलींच्या संडासाला दार नाही, पण ए.आय. कक्ष आहे. एका कंपनीनं टॅब दिले, फीत कापली, फोटो काढले. 'विद्यार्थ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानं संगीतनिर्मिती शिकवावी' असं सांगून पाहुणे गाडीत बसले. मुख्याध्यापकांनी काम आधी माझ्या गळ्यात घातलं. मी म्हणालो, आधी दार बसवा. म्हणून ते कसबे सरांकडं गेलं.

"हे बघा क्रांतिवीर," सर मला म्हणाले. मला ते याच नावानं हाक मारतात. "दाराचं भांडण तुम्ही भांडा. तोवर पोरांचा तास रिकामा का जावा?"

मी भांडतो आहे. दार अजून बसलेलं नाही.

कक्षात रेंज येत नाही. रेंज येते ती मारुतीच्या पारावर. म्हणून सगळा वर्ग टॅब घेऊन तिथं बसायचा आणि मधोमध आमचे ख्रिस्ती सर. देवळाच्या गुरवांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, तुमचा देव रागवायचा न्हाई का?"

"त्यालाच विचारायचंय," सर म्हणाले, "पण तिकडून फोन लागत नाही."

पहिल्या तासाला पोरांनी टॅबवर लिहिलं, 'आमच्या गावाचं सुंदर गाणं करून दे.' मशीननं क्षणात केलं. बासरी, पाखरं, झुळझुळ पाणी. पोरं खूश झाली. सरांनी हात वर केला.

"आपल्या गावात बासरी कोण वाजवतं?"

कुणीच नाही.

"झुळझुळ पाणी कुणी पाहिलंय?"

"टँकरचं चालंल का सर?" मागून एकानं विचारलं.

"मग हे गाव कुणाचं? मशीनला तुमचं गाव माहीत नाही. कुणी सांगितलंच नाही त्याला. तुम्ही सांगा." आणि त्या दिवसापासून नियम झाला. मशीनला निरोप लिहिताना 'सुंदर', 'दुःखी', 'आनंदी', 'भावपूर्ण' हे शब्द बंद. "कसं वाटलं ते लिहू नका. काय झालं ते लिहा. वाटायचं काम ऐकणाऱ्याचं."

मग पोरं लिहायला लागली. एकानं लिहिलं, 'दिवाळीनंतर आमच्या गल्लीत सगळ्या दारांना कुलपं असतात. आमच्या कुलपाला आईनं प्लास्टिकची पिशवी बांधली आहे.' मशीननं त्याचं धडाडधूम डीजे गाणं केलं आणि 'कुलूप, कुलूप' म्हणून नाचायला लागलं. पोरं हसून हसून पारावरून खाली पडायची बाकी राहिली. सर हसले नाहीत. "याला अजून कुलूप समजलं नाही," ते म्हणाले. "पुन्हा सांग. नीट सांग." मी मराठीचा शिक्षक. निबंध लिहिण्याची याहून चांगली शिकवणी मी पाहिलेली नाही, आणि हे कबूल करताना मला जड जातं, कारण त्या टॅबांवर माझा राग आहे.

आता त्या कुलपांविषयी. आमच्याकडं शाळेची हजेरी ऊस ठरवतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाचे ट्रॅक्टर येतात आणि नवरा-बायको मिळून एक कोयता असा हिशेब होऊन माणसं ऊसतोडीला जातात. उन्हाळा लागेपर्यंत वर्ग निम्मा. पोरांनी मागं राहावं म्हणून शाळेत हंगामापुरतं वसतिगृह असतं, जेवण मिळतं. तरी मुली राहत नाहीत. कारण आई ऊस तोडणार तर तान्हं कुणी सांभाळायचं? मुलगीच सांभाळणार. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचं नाव असतं, त्या मुलीचं कुठंच नसतं.

दरवर्षी सर घरोघर जाऊन विनवण्या करत. लोक चहा पाजत, "सर म्हंत्यात ते खरं हाय," म्हणत, आणि सकाळी पोरीला ट्रॉलीत बसवत. गेल्या वर्षी सरांनी ठरवलं, यंदा आपण बोलायचं नाही. ज्याचं गाणं त्यानं आपल्या आईबापाला ऐकवायचं.

आठवीतली कोमल ही सरांची लाडकी. तसं ते कबूल करत नसत. तिला म्हणायचे, "तुझा आवाज म्हणजे पत्र्यावर पडलेली बादली." तिला राग यायचा नाही. ती उलट विचारायची, "भरलेली का रिकामी?" तिला पाठचा भाऊ झाला होता, जेमतेम रांगणारा. म्हणजे यंदा तिचं जाणं ठरलेलंच. तिनं लिहिलेलं गाणं असं होतं:

शेळी ठिवली मावशीकडं,
कोंबड्या ठिवल्या आजीकडं,
किल्ली ठिवली शेजारनीकडं,
आई, मला साळंत ठिव की गं.

सरांनी ते वाचलं आणि पितळी पट्टी काढून फुंकली. राग नव्हता, तरी फुंकली.

मशीनला हे गाणं म्हणायला शिकवताना सगळा आठवडा गेला. ते 'ठिव'चं 'ठेव' करायचं, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखं स्वच्छ म्हणायचं. सर चिकाटीनं पुन्हा पुन्हा निरोप बदलत राहिले. शेवटी ते आमच्याकडच्या बोलीत म्हणायला लागलं. गोड, कोवळा, जराही न फाटणारा आवाज. सरांनी या वेळी पुसायला सांगितलं नाही.

"सर, मी म्हनू का माझ्या तोंडानं?" कोमलनं विचारलं.

"तुझा घसा बसलाय. उद्या ट्रॅक्टर निघायचा, आणि नेमका आत्ताच बसला. मशीनला म्हणू दे. बापासमोर गाणं नीट वाजलं पाहिजे."

ट्रॅक्टर वेशीत उभा होता. मागच्या दोन ट्रॉल्यांत गोधड्या, पातेली, चुलीचे दगड, एक सायकल. सर छोटा स्पीकर हातात धरून आले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मीही होतो. कोमल भावाला कडेवर घेऊन ट्रॉलीच्या चाकाशी उभी होती.

"दादा, थांबा जरा. पोरीनं काही केलंय ते ऐका," सर कोमलच्या बापाला म्हणाले आणि गाणं लावलं.

माणसं जमली. चढवाचढव थांबली. कोमलची आई ट्रॉलीत उभी राहून बोचकं बांधत होती. 'शेळी ठिवली मावशीकडं' ऐकलं आणि तिचे हात थांबले. तिनं खाली वळून लेकीकडं पाहिलं. मी ते पाहिलं, सरांनीही पाहिलं. मला वाटलं, जमलं.

गाणं संपलं. बाप म्हणाला, "लई भारी. कुनाचा गळा हाय ह्यो?"

सरांना खोटं बोलता येत नाही. "मशीनचा."

"म्हंजी आमच्या कोमलचा न्हाई."

"शब्द तिचे आहेत. सगळे शब्द तिचे."

"आवं, पर गातंय तर मशीनच ना?" बाप हसला. वाईट माणूस नव्हे तो, खरोखर गंमत वाटून हसला. "मग त्यालाच ठिवा की साळंत. त्याला कुटं बारका भाऊ हाय?"

सगळी वेस हसली. ट्रॉलीतली आई पुन्हा बोचक्याकडं वळली.

"दादा, हसण्यावारी नका नेऊ. ती हुशार आहे."

"मला म्हाईत न्हाई व्हय, सर? माझीच हाय ती." आता बाप हसत नव्हता. "पर बारक्याला कोन सांभाळंल? तुमी?"

मी पुढं झालो. बालकांचे हक्क, शिक्षणाचा कायदा, मुकादमाची जबाबदारी, मला जे जे पाठ होतं ते सगळं मी त्या वेशीत उभं राहून बोललो. मुकादम शांतपणे ऐकत होता. मी थांबल्यावर तो सरांना म्हणाला, "गानं झ्याक हाय. पाठवा की डायवरला. रस्त्यानं तेवढीच करमनूक."

सरांनी पाठवलं नाही. पण कोमलच्याच वर्गातल्या कुणाच्या तरी मोबाईलमधून ते ड्रायव्हरकडं गेलं. ट्रॅक्टर निघाला. बोचक्यांच्या ढिगावर कोमल भावाला मांडीत घेऊन बसली होती, आणि पुढं ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कर्ण्यातून तो गोड, न फाटणारा आवाज फुल्ल मोठा करून सोडलेला: मला साळंत ठिव की गं. वळणाआड जाईपर्यंत ते गाणं वाजत होतं. पुढच्या वाडीतल्या लोकांनी म्हणे टाळ्या वाजवल्या.

सर बराच वेळ स्पीकरची वायर गुंडाळत उभे होते. मग म्हणाले, "तिचा घसा बसलेलाच चालला असता, नाही?"

मलाही वेळेवर एखादा खरा शब्द सुचला नव्हता.

त्यानंतर पारावरचा तास चालू राहिला, पण नियम बदलला. आधी स्वतःच्या गळ्यानं म्हणायचं, फाटला तरी, मग मशीनकडं जायचं. पोरं बेसूर ओरडायची, गुरव कानांवर हात ठेवायचे. सर मात्र कुणाची थट्टा करत नसत.

थंडीत एकदा जामखेडच्या बाजारात चर्चचे पाळकसाहेब भेटले. "तुमचे कसबे सर आजारी आहेत का?" त्यांनी विचारलं. "कितीतरी रविवार ऑर्गनला कापड घातलेलंच आहे. आम्ही नुसत्या टाळ्यांवर गातो."

मी सरांना खोदून विचारलं. ते म्हणाले, "रविवारी सकाळच्या एसटीनं चला. पण भाषण आणू नका."

आम्ही नगरला गाडी बदलून उत्तरेकडच्या बागायती तालुक्यात गेलो. खिडकीबाहेर हिरवं व्हायला लागलं तसे सर बोलायला लागले.

"माझ्या आईनं मला मिशनच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं. मी तिथंच ऑर्गन शिकलो. चांगलंच केलं तिनं. पण मला तिचा चेहरा आठवत नाही, क्रांतिवीर. फाटकातून बाहेर जाताना दिसली ती पाठ तेवढी आठवते. आणि मी घरोघर जाऊन हेच मागतो, पोरांना ठेवून जा म्हणून. दुसरं काय मागणार?"

कारखान्याच्या मागं मळीच्या वासात कोप्यांचा तळ होता. उसाच्या पाचटाच्या त्या बुटक्या झोपड्या. माझ्या डोक्यात तोवर लेख तयार झाला होता: कोपीवरची शाळा, एका शिक्षकाचं बंड वगैरे. पिशवीत टॅब असणार, कोमल गाणार, मी लिहिणार.

कोमल कोपीच्या तोंडाशी बसली होती. हातांना बारीक काप. सरांना पाहून ती हसली, उठली, आणि एक शब्द न बोलता भावाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग आत जाऊन पोत्यावर आडवी झाली. मला वाटलं काही आणायला गेली. ती झोपली होती.

"सर, तास?" मी विचारलं.

"हळू बोला." त्यांनी पोराच्या हातात गुळाचा खडा दिला. "पहिल्या रविवारी मी टॅब आणला होता. म्हणालो, कोमल, कोणतं गाणं करायचं? ती म्हणाली, सर, आधी झोपू का? आईबाप भल्या पहाटे फडात जातात, तेव्हापासून हे तिच्या कडेवर. मग मी टॅब आणायचा सोडला."

शेजारच्या कोपीत कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं. सर पोराला खांद्यावर टाकून तिथं गेले आणि हात जोडले. गाणं बंद झालं. ते परत आले, पुन्हा उकिडवे बसले. पोरानं त्यांच्या शर्टाला गूळ पुसला. दुपार उतरेपर्यंत ते असेच बसून होते. मध्येच पोर कुरकुरलं की उठून तळाच्या कडेपर्यंत फेरी मारून यायचे, तोंडातून सूर न काढता, नुसतं थोपटत. कोमल हलली नाही.

उन्हं कलताना तिची आई फडातून आली. डोक्यावर उसाच्या वाढ्याचा, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या चाऱ्याचा, भला मोठा भारा. कोपीपाशी येऊन ती थांबली. आत झोपलेली लेक तिला दिसली. भारा टाकला असता तर धप्पकन आवाज झाला असता. म्हणून ती डोक्यावर ओझं घेऊन तशीच उभी राहिली. मान थरथरत होती.

सर उठले. डाव्या हातानं पोर खांद्याशी धरलं आणि उजवा हात भाऱ्याखाली घातला. मीही दुसरी बाजू धरली. आम्ही तिघांनी मिळून तो भारा अगदी हळू जमिनीवर टेकवला.