सात पानांचा फुटवा

आमच्या गल्लीत कुणी गेलं की गोविंदमामा सगळ्यांच्या आधी पोचतात, हात जोडतात आणि त्या घरच्या गुलाबाची पानं मोजायला बसतात. थट्टा करत नाही. समोरच्या घरातले आजोबा वारले तेव्हा अंगणात तिरडी बांधणं चालू होतं, बायका रडत होत्या, आणि मामा भिंतीशी उकिडवे बसून कुंडीत बोट फिरवत होते. "...पाच, सहा, सात. रानटी!" कटकन फांदी मोडली, खिशात घातली आणि खांदा द्यायला उभे राहिले.

मामा पूर्णा जंक्शनवर पॉइंट्समन होते. गाडी चुकीच्या रुळावर जाऊ द्यायची नाही एवढंच जन्मभर केलं. आता दोन खोल्यांत एकटेच असतात, आणि पुढच्या-मागच्या अंगणात चाळीसेक गुलाब. विकतची कुंडी एकही नाही. तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, एक बूड गेलेला कुकर. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून मामा परातीत उभे राहून अंघोळ करतात आणि ते पाणी झाडांना घालतात. साबण झाडांना सोसत नाही, म्हणून साबण बंद. उन्हाळ्यात पत्रा तापून मुळं शिजतात, तर प्रत्येक डब्याला ओलं बारदान गुंडाळलेलं. स्वतःच्या डोक्याला मात्र साधा रुमाल नाही.

मी इथं शाळेवर बदलून आलो आणि त्यांच्याकडून एक कलम घेतलं, तेव्हापासून त्यांचा शिष्य आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बसवून सांगितलं, "गुरुजी, वरचं कलम पाच पानाचं. खाली ज्याच्यावर बांधलंय ते सात पानाचं, रानटी. त्याला फूल न्हाई, नुस्ता माज. दिसलं की मोडायचं. दया केली की कलम मेलंच समजा."

परभणीच्या शेती विद्यापीठात शिकणारा माझा भाचा एकदा म्हणाला, पानांवरून नेहमीच कळतं असं नाही. मामा म्हणाले, "त्याला म्हणावं, सर्विस किती झाली तुमची?"

मागच्या वर्षी मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. लेक नांदेडला घेऊन गेली. जाताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "नुस्तं पाणी घाला. कात्री लावू नका."

महिनाभर इमानानं पाणी घातलं. मागच्या अंगणात, न्हाणीपाशी, तुपाचा एक गंजका डबा होता. त्यातलं झाड पुरुषभर वाढलेलं, पण कळी एक नाही. मी पानं मोजली. सात. दुसरी फांदी, सात. सगळं झाडच रानटी! म्हाताऱ्याच्या नजरेतून सुटलं बिचाऱ्याच्या, असं वाटून मला हसू आलं. शिष्यानं गुरूची चूक दुरुस्त करायची, याच्याइतकं सुख मास्तराला दुसरं नसतं. मुळासकट उपटलं आणि कुंपणाबाहेर फेकलं.

मामा काळा चष्मा लावून आले. चहाही न घेता थेट मागच्या अंगणात गेले. मी मागोमाग, शाबासकी घ्यायला.

"हितलं कुठाय?"

"रानटी होतं मामा. मोडून टाकलं."

ते कुंपणाबाहेर गेले. वाळून काटक्या झालेलं झाड उचललं, चष्मा वर केला आणि एका फांदीवर उरलेली पानं मोजली. सावकाश मोजली.

"सातच हायेत," म्हणाले. "बराबर केलं गुरुजी. शिकलात तुमी."

मग पायरीवर बसले. "तुमच्या मामीनं लावलं होतं. तिला कुठं काय कळतंय, डब्याला भोकबी पाडलं नव्हतं. ती गेली त्याच उन्हाळ्यात वरचं कलम वाळलं. खालचं तेवढं जितं ऱ्हायलं होतं."

त्यांनी लोटा भरला आणि त्या रिकाम्या डब्यात ओतला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून चांगलं लाल कलम आणलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "तुमच्या दारात लावा." लावलं. एरवी मी पक्का निर्लज्ज माणूस आहे, पण त्या कलमाला पाणी घालताना अजून मान वर होत नाही.

तो डबा अजून तिथंच आहे, आणि सकाळचं पहिलं पाणी अजून त्यालाच मिळतं. मामा मात्र लोकांच्या घरी पानं मोजेनासे झाले. गल्लीतल्या मयतीला येतात, हात जोडतात आणि गुमान तिरडीपाशी उभे राहतात.

परवा माझ्या लाल कलमाच्या बुडाला फुटवा आला. मोडायला माझा हात धजेना, म्हणून मामांना बोलावलं. ते कुंडीपुढं उकिडवे बसले आणि पानांवरून बोट फिरवू लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. तिथं बोट थांबलं.

"पाचच हायेत," म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

डोळे आता चांगले आहेत त्यांचे. ते गेल्यावर मी मोजली. सात होती.

फुटवा मी मोडला नाही.