बिकिनी-निश्चिती उपसमिती

कोणत्याही समाजाची उंची त्याच्या मंदिरांवरून कळते आणि खोली त्याच्या पोहण्याच्या तलावावरून. बनशंकरीतल्या आमच्या महाराष्ट्रीय स्नेह संघाचा तलाव साडेचार फूट खोल आहे.

१९९६च्या नोव्हेंबरात कानडी मुलखातल्या या आपल्या शहरात जगत्सुंदरी स्पर्धा भरली. पोहण्याच्या पोशाखाची फेरी मात्र निषेधामुळे थेट हिंदी महासागरातल्या बेटांवर गेली. संस्कृती वाचली, संघाने रंगवलेले अकरा फलक वाया गेले. निषेध शिल्लक होता, बिकिनी नव्हती.

अशा वेळी अनुसूयाक्का तलावावर आल्या. वय अठ्ठावन्न, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, डावा गुडघा झिजलेला. तीन महिने रोज पोहा, नाहीतर शस्त्रक्रिया, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अंगात जांभळा पोशाख: अर्ध्या बाह्या, खाली झालर.

"ही बिकिनी आहे," अध्यक्ष विद्याधरराव पाण्यातूनच म्हणाले.

"अय्यो अण्णा, बिकिनीचे दोन तुकडे असतात. हा एकच आहे."

"म्हणजे अर्धी तरी आहेच!"

(संघात तर्कशास्त्राला मान आहे.) निकाल लागेपर्यंत अक्कांना पाणीबंदी झाली आणि तिघांची उपसमिती नेमली गेली. मी नुकताच भौतिकशास्त्रात एमएस्सी झालो होतो आणि माझ्याकडे आलेखाचा कागद होता, म्हणून मी सचिव.

प्रथम इतिहास तपासला. १ जुलै १९४६ रोजी प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर अणुबॉम्बची चाचणी झाली आणि चारच दिवसांनी पॅरिसमध्ये त्या नावाचा पोशाख अवतरला. कापड तीस चौरस इंच. नेहमीच्या मॉडेल तो घालेनात, म्हणून एक नर्तकी आणावी लागली. बॉम्बसाठी बेटावरच्या लोकांना घरंदारं सोडावी लागली होती. (दोहोंपैकी निषेध कशाचा करायचा, यावर संघात कधीच दुमत नव्हतं.)

मग सूत्र ठरलं: कापडाचं क्षेत्रफळ भागिले त्वचेचं क्षेत्रफळ. तीस चौरस इंच म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. सभ्यतेला थोडी मोकळी जागा हवी म्हणून मर्यादा दहा टक्के धरली. दहाच्या खाली ती बिकिनी. ठराव एकमताने संमत. सूचक: विद्याधरराव.

झालर कोरडी मोजायची की ओली, यात दोन बैठका गेल्या. तोवर अक्का घरचा जिना बसून उतरू लागल्या.

प्रयोगाला तुलना लागते. मी विद्याधररावांची पोहण्याची चड्डी मागितली. "न्या! शास्त्राला माझा पाठिंबा आहे," म्हणत त्यांनी ती दोरीवरून काढून दिली. मी दोन्ही पोशाख आलेखाच्या कागदावर आखले, चौकोन मोजले आणि पडताळणीसाठी पुन्हा मोजले.

अक्का: बेचाळीस टक्के.
विद्याधरराव: सात.

आकडे मी सभेत वाचून दाखवले.

"पुरुषांची गोष्ट वेगळी," विद्याधरराव म्हणाले.

"सूत्रात तसं कुठे आहे?" अक्कांनी विचारलं. गणिताचा आवाज, बत्तीस वर्षं वर्गात घोटलेला. "आणि वरचा तुकडा तर अण्णाने आणलेलाच नाही! सरी, सरी, असू दे. माझ्याकडे जांभळं कापड स्वल्प उरलंय. झालर लावून देते."

सभा एवढी हसली की इतिवृत्तात 'प्रदीर्घ चर्चा' असं लिहावं लागलं. सूत्र पाळून एकट्या अध्यक्षांना बंदी किंवा सूत्र सोडून दोघांनाही परवानगी, असे दोनच पर्याय उरले. विद्याधररावांनी व्यापक समाजहितासाठी दुसरा निवडला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का पाण्यात उतरल्या आणि अध्यक्षांना मागे टाकून पलीकडच्या काठाला लागल्या.

अहवाल चौदा पानांचा आहे. त्यातली नऊ पानं गुडघ्याच्या सांध्यावर आहेत. ती कोणी न उघडल्याने अजून करकरीत आहेत. मोजमापाचं पान मात्र हाताळून इतकं मऊ झालं, की दोनदा नव्याने टंकून घ्यावं लागलं. यात संघाचाच दोष आहे असं मी मानत होतो. आता खात्री नाही. बिकिनीला कापड किती लागतं, ते तुम्हाला नक्की आठवत असेल. अक्कांचा कोणता गुडघा दुखतो?

वर पाहू नका.