नालमैदानी हरपलेली मुद्रा आणि दोन चकत्यांची मसलत

श्रीगजानन साक्ष असो, आणि वाचणाराने लिहिणाराचे नाव विचारू नये. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ वद्य प्रतिपदा ते सप्तमी, या सात दिवसांत आमचे राज्यात जे जाहले ते डोळ्यांनी पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर दिवाणजी विचारतील की का लिहिले, आणि न लिहिले तरी विचारतीलच.

राज्यात एक मैदान, त्यास नालमैदान म्हणतात. दहा पिढ्या तेथे सरकारी घोड्यांस नाल ठोकीत आले, आणि वाकडा खिळा, तुटका नाल, झिजली कानस, जे हातचे सुटले ते तेथेच पडले, आणि वर माती चढली, आणि मग पुन्हा खिळे पडले, ऐसे होता होता त्या जमिनीत माती थोडी आणि लोखंड फार ऐसे जाहले. रिवाज ऐसा की माघी पौर्णिमेस सरकारी घोडीस नवा नाल बसतो, आणि त्याचा पहिला खिळा खुद्द महाराज आपले हाते ठोकितात. यंदाही महाराज वाकले, आणि एक घाव खिळ्यावर व एक आपले अंगठ्यावर घातला, आणि ओरडले, आणि त्या ओरडण्याने घोडी बिथरून चहूकडे नाचली, आणि मग सर्व शांत जाहल्यावर महाराज कमरेस हात लावितात तो राज्याची मुद्रा नाही! मुद्रा चांदीची, सुपारीएवढी, परंतु तिचे ठशावाचून आमचे येथे पान हलत नाही.

दिवाण त्र्यंबकपंत म्हणजे संशयाचे माहेरघर. दूध घेणे तर आधी मांजरास पाजीत, आणि मग आपण न पिता मांजराकडे पाहत बसत. त्यांनी नजर फिरविली तो दावल नालबंद, वय सत्तरीचे, घोडीचा पाय ज्याचे मांडीवर होता, तो महाराजांपासून हातभर अंतरावर उभा. दिवाणजी बोलिले, "हातभर अंतरावर दुसरं कोण होतं?" दुसरे कोणी नव्हते. मग दावलचे अंगरखे झाडिले, घर उलथेपालथे केले, भाता फाडून आत पाहिले, आणि काही सापडले नाही, तेणेकरून दिवाणजींचा संशय अधिकच पक्का जाहला, कारण निर्दोष मनुष्याचे घरी काही ना काही सापडतेच ऐसे त्यांचे मत. दावल हात जोडून म्हणाला, "सरकार, घोडी नाचली तवा मातीत पडली आसंल. जिमीन बघा, मग माझी मान बघा." महाराज दयाळू, त्यांनी सात दिवस दिले. सातव्या दिवशी सूर्य मावळेतो मुद्रा न मिळाल्यास दावलची ऐरण जप्त व दावल हद्दपार, ऐसा हुकूम जाहला. आणि दिवाणजींनी त्याच सायंकाळी दरबारचे रोजनाम्यात ओळ लिहविली, "दावल नालबंद याने मुद्रा चोरिली." चिटणिसाने भीत भीत विचारिले, "'चोरल्याचा संशय आहे' असं लिहू का?" दिवाणजी बोलिले, "संशय कुणाचा? माझा की तुझा?" चिटणिसाने मुकाट्याने ओळ लिहिली. आणि आमचे दफ्तराचा कायदा ऐसा की एकदा शाई वाळली म्हणजे खोडणे नाही.

मग बंदरपट्टीहून वामनशेट यंत्रवाले यांस पाचारण केले. त्यांजपाशी धातू शोधणारे यंत्र होते, वर दांडी, मध्ये सेलांची पेटी, आणि खाली तारेचे वेटोळे असलेली चकती, जीस ते कॉइल म्हणत. यंत्राचा गुण ऐसा की खाली लोखंड असता घोगरा आवाज होतो आणि चांदी असता बारीक व गोड. चकत्या दोन होत्या. एक ताटाएवढी, जमिनीत हातभर खोल पाहणारी. दुसरी बशीएवढी, कष्टाने वीतभर पाहणारी. कोणती घ्यावी यावर दरबारी मसलत बैसली, आणि प्रथम वामनशेटांस विचारिले. वामनशेट एकवार महाराजांकडे व दोनवार दिवाणजींकडे पाहून बोलिले, "सरकार म्हणतील ती."

तेव्हां दावल, ज्यास कोणी विचारिले नव्हते, तो पुढे जाहला आणि बोलिला, "बारकी घ्या, महाराज. ताटाखाली एका टायमाला धा खिळं येत्यात. धाजण बोंबलाय लागल्यावर त्यात एकाची हाक कुणाला ऐकू यील? बारकीखाली एकदोनच येतील, मंग मधली चांदी बोलंल. खोल बघून काय करायचं? मुद्रा काल पडली, ती काय पाताळात गेली? लई झालं तर चार बोटं."

हे बोलणे ऐकून दिवाणजी मिशीत हसले. म्हणाले, "ऐकलंत महाराज? ज्याच्यावर आळ, तोच म्हणतो कमी बघणारं घ्या. का बरं म्हणत असेल?" आणि आमचे येथे मानाची मापे ठरलेली, महाराजांची छत्री सात हातांची, दिवाणजींची पाच हातांची, बाकीचे उन्हात, तेव्हां सरकारी निशाणाखाली बशीएवढी वस्तू फिरविणे हाच अपमान. या दोन कारणे थोरली चकती मुक्रर जाहली. वामनशेटांनी तोंडातले तोंडात काही म्हटले, परंतु मोठ्याने नाही.

मग पाच दिवस थोरली चकती मैदानी फिरली. चालता घोगरे, थांबता घोगरे, उचलिली तरी घोगरे. जेथे आवाज तेथे खणणे, आणि जेथे खणावे तेथे खिळे, ऐसे सात घंगाळी खिळे निघाले आणि मुद्रा नाही. मैदानावर एकमेकांवर पाळत बैसली. खणणारांवर शिपाई, शिपायांवर हवालदार, हवालदारावर दिवाणजी, आणि दिवाणजी दृष्टीआड जाहले म्हणजे महाराज हळूच पुसत, "पंत कुठं गेले?" दावल रोज येऊन कडेस बैसे आणि चकतीचा आवाज ऐकून मान हलवी. त्याची लेक जैतून भाकरी घेऊन येई, परंतु शिपाई भाकरी मोडून आत पाहत, म्हणून चौथे दिवसापासून ती तुकडे करूनच आणू लागली. ते तुकडे पाहून मला वाईट वाटले, हे लिहून ठेवितो.

सहावे दिवशी दिवाणजींस वामनशेटांचाच संशय आला की हा दावलला सामील आहे आणि यंत्रच खोटे आहे. म्हणून त्यांनी आपली चांदीची तपकिरीची डबी पहाटे स्वहस्ते मैदानी पुरिली, कोणास कळविले नाही, आणि जागा ध्यानी ठेवून छत्रीखाली बैसले. थोरली चकती त्या जागेवरून तीन वेळा गेली. तीनही वेळा घोगरे बोलिली आणि पुढे गेली. दिवाणजी ताडकन उठले आणि जागेवर पाय ठेवून गरजले, "इथं माझी डबी आहे! तुझं यंत्र आंधळं आहे की तू चोर आहेस?" वामनशेटांनी यंत्र खाली ठेविले. म्हणाले, "यंत्र आंधळं नाही, साहेब. या जमिनीत ते बहिरं होतं. दावलमियांनी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं, आणि मी भिऊन गप्प बसलो." मग बशीएवढी चकती लाविली आणि दिवाणजींच्या जोड्याशेजारी फिरविली, आणि ती ऐसी बारीक गोड बोलिली की महाराजांनी आपण होऊन टाळी वाजविली. डबी निघाली. तिचे दोन्ही बाजूंस दोन खिळे लागून होते.

दिवाणजींनी डबी तपासून तपकीर पुरी आहे की नाही ते पाहिले, आणि मगच लहान चकतीस परवानगी दिली. परंतु दिवस एकच उरला, आणि लहान चकतीचे काम सावकाशीचे. दावल पुढे चालून सांगे, "घाई नगं, शेट. पहिल्या फेऱ्यावर दुसरा निम्मा चढवा, मंजी मधी जिमीन सुटायची न्हाई. घोडी बांधायच्या खुंटापासनं सुरू करा, तितंच ती नाचली." वामनशेट घामाघूम जाहले. सूर्य टेकडीस लागला, आणि शिपाई ऐरण उचलावयास दावलचे दारी जाऊन उभे राहिले, आणि जैतून ऐरणीवर बैसून राहिली व उठेना. तितक्यात खुंटाचे पूर्वेस यंत्र घोगरे बोलता बोलता मध्येच बारीक बोलिले. दावलने गुडघे टेकून बोटांनी माती काढिली. चार बोटे खाली, घोडीचे खुराने दाबलेली, वर तीन खिळे आडवे, ऐसी राज्याची मुद्रा निघाली. दावलने ती हाती घेतली नाही. म्हणाला, "तुमीच उचला, महाराज. माझा हात नगं लागाय."

महाराजांचे डोळ्यांत पाणी आले. म्हणाले, "दावल, काय हवं ते माग." दावल बोलिला, "काय नगं. त्या वहीतलं माझं नाव तेवढं पुसा." महाराजांनी दिवाणजींकडे पाहिले, आणि दिवाणजी म्हणाले, "दफ्तर खोडता येत नाही. आज खोडलं तर उद्या लोक म्हणतील आणखी काय काय खोडलं. खाली दुसरी ओळ लिहू." आणि ओळ सांगितली, "मुद्रा सापडली." चिटणिसाने विचारिले, "'दावल निर्दोष' असंही लिहू?" दिवाणजी बोलिले, "तुझा फार जीव दिसतो त्याच्यावर. का बरं?" चिटणिसाने पुढे विचारिले नाही. आता वहीत एकाखाली एक दोन ओळी आहेत, दावलने मुद्रा चोरिली, आणि मुद्रा सापडली. पुढे वाचणारास वाटेल की त्याचेच घरी सापडली.

दुसरे दिवशी दावल कचेरीचे पायरीपाशी आला. त्यास अक्षर येत नाही. म्हणाला, "लिवलं का हो, चिटणीस, माझं?" चिटणिसाने म्हटले, "लिहिलं." तो म्हातारा हसला, आणि दोन्ही हात कपाळास लावून सलाम करून गेला, आणि त्याच दिवशी त्याने शिवलेल्या भात्याने पुन्हा विस्तव केला.

सारांश, लोखंडाने भरल्या जमिनीत लहान चकतीच घ्यावी, आणि सावकाश फिरवावी. दावल नालबंद निर्दोष होता, हे येथे लिहिले आहे, कारण दुसरीकडे कोठेही लिहिलेले नाही. तो चिटणीस मीच. त्या सात दिवसांत आमचे राज्यात कोणी कोणावर विश्वास ठेविला नाही. एकट्या दावलने ठेविला, आणि तो माझ्यावर ठेविला.