सत्त्याहत्तर किलोंचे सर

"आकडा कधी खोटं बोलत नाही!" हे गणिताच्या सरांचं लाडकं वाक्य. त्यामुळे जुनी दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेऊन रेसच्या ट्रॅकवर पळवायचं खूळ डोक्यात शिरलं, तेव्हा त्यांनी मेहुण्याला आधीच बजावलं, "चाक हलकं तर गाडी चपळ! आणि हलकं चाक स्वस्तात कसं घ्यायचं, ते माझ्याकडून शीक!"

मेहुणा शिकायला तयार होता. गाडी अर्धी त्याची होती.

जुनी अलॉय चाकं दुरुस्त करून विकणारे एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना चाकवाले काका म्हणायचे. काकांनी चार चाकं पुसून समोर मांडली. "एकेक आठ किलो. तुमची आताची दहाची आहेत." त्यांनी भाव सांगितला, सरांनी त्याचा अर्धा सांगितला. काकांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "पोरांना शिकवता. न्या."

"बघितलंस?" सर वाटेत म्हणाले. "पण आपण ऐकावं जनाचं आणि मोजावं काट्यावर!"

घरात काटा एकच, बाथरूममधला. त्यावर चाक ठेवलं की आकडाच झाकला जाई. मग सर चाकाला मिठी मारून स्वतःच काट्यावर चढले. मेहुण्याने रांगत खाली जाऊन वाचलं, "ब्याण्णव!"

"ब्याण्णव वजा सत्त्याहत्तर... पंधरा? आठाचे पंधरा?"

"भाऊजी, एकदा नुसतेच उभे राहून बघा ना."

"माझं वजन मला ठाऊक नाही? फ्रिजवर लिहिलंय!"

लिहिलेलं होतं खरं. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून दर रविवारी सर बाथरूममधून ओरडून आकडा सांगत आणि बायको तो फ्रिजवरच्या तक्त्यात भरत असे. चौऱ्याऐंशीपासून दर आठवड्याला बरोबर अर्धा किलो कमी. चौदा रविवारांत एकदाही चूक नाही! नवऱ्याला सोबत म्हणून तिनेही साखर सोडली होती, आणि तो तक्ता ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायची.

चारही चाकं पंधराच भरली! सरांचं पित्त खवळलं. ट्रॅकवरच्या मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यावर त्यांनी ठोकून दिलं : 'सावधान! चाकवाले काका वजनात फसवतात. स्वतः मोजलं आहे. – गणित शिक्षक.' दुपारपर्यंत दोघांनी काकांना दिलेली ऑर्डर रद्द केली.

"भाऊजी, आधी काकांना विचारायचं तरी," मेहुणा म्हणाला.

"विचारतो की! चारचौघांत विचारतो!"

रविवारी चाकं घेऊन सर ट्रॅकवर हजर. बायकोही उकडलेल्या भाज्यांचा डबा घेऊन आली होती. तिथे गाड्या मोजायला चाकांखाली ठेवायचे सपाट इलेक्ट्रॉनिक काटे होते. सरांनी वीसेक लोक गोळा केले, काकांना बोलावलं, "मी सत्त्याहत्तर, चाकासकट ब्याण्णव!" असा हिशेब ऐकवला आणि एका काट्यावर चाक ठेवलं.

आठ!

दुसरं चाक. आठ. तिसरं, चौथं, आठच!

"काटा बिघडलाय," सर म्हणाले.

"तसं असेल," काका शांतपणे म्हणाले. "मग सर, तुम्हीच उभे राहा. तुमचं वजन तर पक्कं ठाऊक आहे. काटा लगेच कळेल."

सर पाय उचलणार, इतक्यात त्यांना आठवलं. दुसऱ्या रविवारपासून ते एकटे काट्यावर चढलेच नव्हते! बाथरूममध्ये स्टुलावर बसून पेपर वाचता वाचता अर्धा किलो वजा करून ओरडायचे. इतक्या नेमाने ओरडले, की त्यांचं त्यांनाच ते खरं वाटायला लागलं होतं.

"राहू दे," सर पुटपुटले. "मी बूट घातलेत."

"चढा हो!" बायको अभिमानाने म्हणाली. "दाखवा एकदा सगळ्यांना!"

सर चढले. चौऱ्याऐंशी. मेहुण्याच्या तोंडून हिशेब निसटलाच, "ब्याण्णव वजा चौऱ्याऐंशी, आठ!"

कोणी हसलं नाही, आणि तेच सरांना सोसवेना. बायकोने हातातल्या डब्याकडे पाहिलं. "चौदा आठवडे मी बिनसाखरेचा चहा पितेय," ती हळूच म्हणाली. सरांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण चौऱ्याऐंशी किलो म्हणजे तिलाही विचार करावा लागला असता.

"काका, चुकलं माझं," ते कसेबसे म्हणाले. "तुम्ही आपलं समजून चाकं दिलीत, आणि मी तुम्हाला चोर ठरवलं."

काकांनी पाना काढला आणि गाडीपाशी बसून ते चाकं बसवू लागले. "चार चाकं बदलून गाडीचे आठ किलो वाचले, सर," ते खाली बघतच म्हणाले. "चालवणाऱ्याचे सात फुकटात वाचत होते."

सरांनी मोबाइल काढून ग्रुपवर टाइप केलं : 'मोजमापात किरकोळ चूक झाली होती.' बायकोने ते मागून वाचलं.

"कोणाची आणि किती, ते लिहा."

सरांनी पुसलं आणि पुन्हा लिहिलं : 'काकांची चाकं आठ किलोंचीच आहेत. मी चौऱ्याऐंशी किलोंचा आहे.' रद्द करणाऱ्या दोघांनी तिथल्या तिथे ऑर्डर पुन्हा दिली, एवढंच काय ते बरं झालं.

पहिलं उत्तर सरांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचं आलं : 'सर, बूट वजा केलेत का?'