सारसाचा डोळा

सुखदेवभाऊंच्या अंगणात खोटं बोलायची सोय नाही. कडुनिंबाला त्यांनी बांबूच्या टोपल्या टांगल्यात, आत दिवे. खाली कुणाला फोन येणार असला, की तो वाजायच्या आधीच टोपल्या उजळतात. माझा मेव्हणा तिथे बसून बायकोला सांगत होता, "फोन सकाळपासून बंदच आहे ना, मंग कसा उचलू?" तोच डोक्यावरची टोपली भक्कन पेटली आणि खिसा वाजायला लागला! तेव्हापासून तो लाखांदूरला आला, तरी आमच्या गल्लीत फिरकत नाही.

"हवा रिकामी नसते बावा," हे भाऊंचं पालुपद. "मोबाइलची लहर आधी येते, आवाज मंग. मी लहर पकडतो." माणूस इलेक्ट्रिकचं दुकान चालवतो, पण गिऱ्हाईक पंखा घ्यायला आलं, तरी आधी त्याला टोपलीखाली उभं करून मिस्ड कॉल देतो. मला तर या वेडाचा हेवाच वाटतो.

यंदा दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, गावानं त्यांना मैदानावर जागा दिली. केवढा आनंद! टोपल्या जोडून त्यांनी मोठा सारस पक्षी उभा केला. पाहुणे एकमेकांना फोन लावत, आणि सारसाचे पंख उजळत. फक्त डोळ्याच्या जागी भोक.

मंडई समितीचे अध्यक्ष भडकले. "आंधळा सारस कायले दाखवून राहिले पाहुण्यायले? टोपली आणा, नाही तं खाली उतरवा!"

"एकच टोपली उरली, ते घरी आहे. ते नाही देत." भाऊंचा चेहरा पडला होता, तरी गडी हटेना. "उतरवाचा असन तं उतरवा."

आयुष्यात पहिल्यांदा मान मिळत होता, आणि हा माणूस एका टोपलीपायी घालवून राहिला! मीच तणतणत त्यांच्या घरी गेलो.

टोपली स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर टांगलेली. सुमनवहिनी पाठमोऱ्या, पोळ्या लाटत. मागच्या वर्षी तापानंतर त्यांना ऐकू येईनासं झालं. हाक मारून काय उपयोग? एवढ्यात टोपली पेटली. वहिनींनी पिठाचे हात पदराला पुसले आणि फळीवरचा फोन उचलला. पुण्याहून लेक होती. व्हिडिओ कॉल. तान्ह्या बाळाला पडद्यासमोर धरून त्याचा इवला हात हलवत राहिली. वहिनी हसता हसता रडायला लागल्या.

मी तसाच मागे फिरलो.

अध्यक्ष वाटच पाहत होते. "आणली का?"

"नाही," मी म्हणालो. "ते टोपली कामात आहे. सारस असाच राहीन. उतरवून तं पाहा!"