संमतीसह दोन मिनिटं

टेबलावर एक लॅपटॉप, मेंदूतले विद्युत्संकेत टिपणारी एक टोपी, टोपीला जोडलेल्या एकवीस तारा आणि त्या डोक्याला चिकटवायच्या पेस्टची अर्धी ट्यूब होती. टेबलापाशी एक खुर्ची होती आणि खुर्चीत बाबा होते.

मुलगी हॉस्पिटलात तळघरातल्या खोलीत रुग्णांच्या मेंदूच्या नोंदी घेण्याचं काम करी. वर संशोधन विभागात एक जागा रिकामी झाली होती. न्यूरोएथिक्सचा, म्हणजे मेंदू तपासताना काय करावं आणि काय करू नये याचा, दोन आठवड्यांचा कोर्स तिने केला तर ती जागा तिला मिळणार होती. नाही केला तर विभागप्रमुखांच्या भाच्याला. निबंध लिहून झाला होता. ओळखीच्या माणसाच्या मेंदूची दोन मिनिटांची नोंद, त्याच्या संमतीसह, व्हिडिओवर घेऊन पाठवायची राहिली होती. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

"घाल टोपी," बाबा म्हणाले.

"आधी संमती. सगळं समजावून सांगावं लागतं."

"अगं, मी तुझा बाप आहे."

"म्हणून तर जास्त नीट सांगायला हवं. दबाव नको." तिने माहितीपत्रक वाचायला घेतलं. "या नोंदीतून आज विचार वाचता येत नाहीत. मात्र नोंद दहा वर्षं जपली जाईल आणि भविष्यात तिच्यातून काय काय कळेल, हे आज सांगता येत नाही."

बाबा सरळ बसले. "म्हणजे पुढे कळेल?"

"शक्यता नाकारता येत नाही."

"तू नाकार की!"

"कशी नाकारू? पुरावा नाही."

बाबा उठले. स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "बसा की हो. लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?"

"घाबरत नाहीये. मला जरा फिरून यायचंय." बाबांनी चपला घातल्या. आई त्या चपलांकडे बघत राहिली.

मग वरच्या मजल्यावरून मामाला बोलावण्यात आलं. मामाने येताक्षणीच टोपी स्वतःच्या हाताने डोक्यावर चढवली. "वाच काय ते. मी असल्या गोष्टींना भीत नाही."

"नोंदीत अनपेक्षित काही आढळलं, तर तुला कळवण्यात येईल."

"अनपेक्षित म्हणजे?"

"एखादा बिघाड वगैरे."

"आणि काहीच आढळलं नाही तर?"

"ते अपेक्षितच आहे," आई म्हणाली.

मामाने टोपी काढून टेबलावर ठेवली. "ताई, तुझ्यासमोर मी डोकं तपासून घेणार नाही. उगाच तुला कागदोपत्री आधार नको."

मामा वर निघून गेला. आता घरात आईच उरली होती. मुलीने पत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आईने हात पुसत सगळं ऐकलं.

"नाही म्हटलं तर कारण द्यावं लागतं का?"

"नाही."

"मग नाही."

"आई! माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"हा दबाव झाला ना गं?"

मुलीने पत्रक खाली ठेवलं. तेवढ्यात बाबा परतले आणि दारातूनच म्हणाले, "लपवण्यासारखं काही नसेल तर बसावं माणसाने."

"कारण द्यावं लागत नाही, असं लिहिलंय त्यात," आई म्हणाली आणि आत गेली.

एकच उपाय होता. मुलीने कॅमेरा लावला, स्वतः खुर्चीत बसली आणि नियम म्हणून स्वतःलाच पत्रक वाचून दाखवू लागली. चौथ्यांदा वाचत होती, पण ऐकत पहिल्यांदाच होती. भविष्यात काय काय कळेल, या वाक्यापाशी ती थांबली. तिला विभागप्रमुख आठवले, त्यांच्याविषयीची स्वतःची मतं आठवली, आणि ती दहा वर्षं जपली जातील, हेही.

"काही शंका?" तिने विचारलं.

"आहे," तिनेच उत्तर दिलं आणि 'संमती नाही' या चौकटीत खूण केली.

मुदत संपता संपता तिने रिकाम्या खुर्चीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. त्यात चौघांना काय सांगितलं आणि चौघांनी नकार कसा दिला, याचा वृत्तांत होता. कारणं विचारली नसल्याचं तिने नमूद केलं होतं.

आठवड्याभराने निकाल आला. मेंदूची नोंद: वीसपैकी शून्य. निबंध: चाळीसपैकी एकवीस. संमती घेण्याची पद्धत: चाळीसपैकी चाळीस. एकूण एकसष्ट. कोर्स उत्तीर्ण होण्याची मर्यादा साठ होती.