रिकाम्या गाडीला सायरन नाही

माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाची जीप वेशीपाशी आली आणि वामनभाऊजी चपलांसकट तिच्या बॉनेटवर चढले. जीपच्या टपावर बँडवाल्याने फिरणारा लाल दिवा बसवला होता. भाऊजींनी खांद्यावरचा टॉवेल काढला, दिव्याला गुंडाळला आणि गच्च गाठ मारली.

"ओ पाहुणे, खाली उतरा!" नवरदेवाचा मामा ओरडला.

"नवरदेवाला काय झालंय?" भाऊजींनी वरूनच विचारलं. "सलाईन लावलीय का? मग दिवा कावून लावला?"

मामा रुसला. त्याला समजावण्यात मुहूर्त गेला आणि जेवणावळी उन्हं उतरल्यावर उठल्या. मी इतकी संतापले की तीन महिने भाऊजींशी बोलले नाही. मी तशीही कुणाशी फार बोलत नाही, त्यामुळे त्यांना ते कळलंच नाही.

वामनभाऊजी आमचे शेजारी. मधे एक कुडाची भिंत. सहकारी साखर कारखान्याच्या अँब्युलन्सवर ते ड्रायव्हर होते. घरात एकटेच. एक खाट, एक स्टो आणि मोटारगाड्यांच्या नियमांचं एक पुस्तक. त्या पुस्तकाला शाळेतल्यासारखं खाकी कव्हर घातलेलं. कोणत्या गाडीला कोणता दिवा, सायरन कुणी वाजवायचा, कुणी नाही, हे त्यांना तोंडपाठ. मला चौथीपर्यंतचं वाचता येतं म्हणून कधी कधी भिंतीवरून पुस्तक पुढे करायचे. "वाचा वहिनी, मी काय मनचं सांगत न्हाई." मी मान हलवायची आणि भाकरी करपायची.

भाऊजी एसटीत बसले तर त्यांना चैन नसायचं. प्रत्येक थांब्यावर उतरून मागचा दिवा लागतो का ते बघायचे. एकदा नांदूरघाटच्या गाडीने त्यांना थांब्यावरच सोडलं. चालत चालत तिसऱ्या प्रहरी घरी आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "गाडी गेली निघून. पण मागचा दिवा लई चांगला लागत होता."

पेशंटला बीडला सोडून परत येताना ते सायरन लावत नसत. बाजाराच्या दिवशी मेंढरांच्या मागे तासभर रखडत यायचे. लोक म्हणायचे, "अहो, वाजवा की." ते म्हणायचे, "रिकामी गाडी हाय. रिकाम्या गाडीला कसली घाई?" मात्र आत पेशंट असला की रस्त्यावर कुत्रं नसलं तरी सायरन चालू. माझ्या सासूबाईंना ताप भरला तेव्हा त्या गाडीत उठून बसल्या. "अरे वामन, तापानं न्हाई मरायची, पण ह्या बोंबलण्यानं मरीन. बंद कर."

"मामी, तुमचा हक्क हाय तो," भाऊजी म्हणाले आणि आवाज तेवढाच ठेवला.

इथपर्यंत हसून सोडता येतं. पुढचं लिहायला घेतलं की अजून माझी कानशिलं तापतात.

त्या साली आमच्याकडे दुष्काळ पडला. उसाची टिपरी उभ्या जागी वाळली, कारखान्याची चिमणी थंड. गावाला चार दिवसांआड टँकर, आणि घरटी दोन घागरी. कारखान्याच्या विहिरीला मात्र पाणी होतं. चेअरमनसाहेबांच्या बंगल्यापुढे हिरवळ होती, ती जगवायची होती. टँकर पाठवला तर वाटेत बायका आडव्या होतात. म्हणून ऑफिसातून हुकूम आला की अँब्युलन्समध्ये ड्रम भरा, दिवा लावा, सायरन वाजवा आणि सरळ बंगल्यावर न्या. अँब्युलन्सला कोण अडवणार!

म्हणजे आम्ही हंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, कुणाचा तरी जीव चाललाय म्हणून हात जोडायचे, आणि आत गवताचं पाणी.

भाऊजींनी ऑफिसात विचारलं, "ह्या ड्रमांत पेशंट कोण हाय?"

"वामन, नोकरी करायची का?"

भाऊजींनी गाडी काढली. पण टपावरच्या दिव्यावर पोतं बांधलं आणि सायरनला हात लावला नाही. पेशंट नाही, तर दिवा नाही. गाडी नुसती चालत आली, बैलगाडीसारखी.

आमच्या वळणावर आम्ही सातआठजणी टँकरची वाट बघत होतो. आमच्यातल्या कमलला गाडीच्या मागच्या दारातून पाणी ठिबकताना दिसलं. ती रस्त्याच्या मधोमध हंडा घेऊन बसली. आम्हीही तिच्या मागे उभ्या राहिलो. मी सगळ्यांत शेवटी.

गाडी थांबली. आता हा माणूस शिव्या देणार, असं वाटलं. भाऊजी खाली उतरले, मागे गेले आणि स्वतःच्या हाताने दार उघडलं.

"पेशंट न्हाई," ते म्हणाले. "रिकामी गाडी अडवता येते. भरा."

"भाऊजी, आमालाच झोपवा की आत," कमल म्हणाली. "पेशंट म्हणून बंगल्यावर जाऊ, हिरवळीवर लोळू."

काय हसलो आम्ही! धुरपताआत्याच्या तोंडात दोन दात राहिलेत, ती पदर तोंडाला न लावता हसली. मीही हसले. दुष्काळात हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही हात वर करायच्या आत गाडी थांबली. तिसऱ्या दिवशीही. बंगल्यावर अर्धे ड्रम जायचे. मग हिरवळ पिवळी पडली आणि चौकशी लागली.

माझ्या धन्याने चौकशीच्या सभेत कारखान्याचा सभासद म्हणून बाकावर बसून सगळं ऐकलं. घरी येऊन मला सांगितलं. चेअरमनसाहेबांनी भाऊजींना विचारलं, सायरन का वाजवला नाही? भाऊजींनी पुस्तक उघडलं. साहेब म्हणाले, पुस्तक ठेव खिशात. पाणी घेतलेल्या बायकांची नावं दे, कामावर राहशील.

"मला बायांची तोंडं ओळखू येत न्हाईत," भाऊजी म्हणाले.

कोणत्या वस्तीवरच्या कोणत्या म्हातारीचा कोणता पाय मोडला होता, हे दहा वर्षांनी सांगणारा माणूस! त्यांना तिथल्या तिथे काढून टाकलं. सभा संपली, आणि चेअरमनसाहेब लाल दिवा फिरवत, सायरन वाजवत कुठल्याशा सत्काराला गेले. त्या गाडीत पेशंट कोण होता, हे विचारायची एकाचीही छाती झाली नाही. माझ्या धन्याचीही नाही. मी तोंडावर तसं म्हटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

कमलकडे गेले. म्हटलं, आपण सगळ्या जाऊ, सांगू की गाडी आम्ही अडवली. ती चूल फुंकत राहिली. धुरपताआत्याने मान फिरवली. सगळ्यांची जनावरं कारखान्याच्या चारा छावणीत. "नाव आलं की दावी सोडतील, बाई," कमल म्हणाली. मला तिचा राग आला. आमचेही दोन बैल तिथेच होते, आणि इतके दिवस मीही गप्पच होते. मग माझाच जास्त राग आला.

वहीचं पान फाडलं. लिहिलं की अमुक वळणावर गाडी मी अडवली, पाणी मी घेतलं, ड्रायव्हरचा दोष नाही. खाली माझं एकटीचं नाव लिहिलं. एसटीने कारखान्यावर गेले. कारकून म्हणाला, "बाई, मालकाला पाठवा." मी म्हटलं, "पोच द्या." पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी त्याला ऐकू गेलं असावं, कारण तिथले सगळेच वळून बघायला लागले. शिक्का मारून घेतला तेव्हाच उठले.

दुसऱ्या दिवशी आमचे दोन्ही बैल छावणीतून परत आले. धनी दाव्याला हात लावून नुसते उभे राहिले. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळच्या आत वामनभाऊजी दारात. सायकलवर कडब्याच्या चार पेंढ्या, आणि पेंढ्या मागे फार बाहेर निघाल्या म्हणून त्यांच्या टोकाला लाल चिंधी बांधलेली. कुठून आणल्या कोण जाणे. पेंढ्या अंगणात आपटल्या.

"कागद कावून दिला?" ते ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढा आवाज ऐकला नव्हता. "तुमाला कुणी सांगितलं? आता हे बैल काय खातील?"

"भाऊजी, तुम्ही नियमाने वागलात. तुम्हाला शिक्षा कशाची?"

"नियम!" ते पायरीवर बसले. बराच वेळ चिंधीची गाठ सोडत राहिले. ती सुटेना. "नियमानं सायरन बंद ठेवला, ते खरं हाय. पण गाडी थांबवायला नियम कुठं सांगतोय, वहिनी? पहिल्या दिवशी तुमी अडवली. नंतर मीच थांबत होतो."

मी पेंढ्या उचलून भिंतीशी लावल्या.

"तेवीस वर्सं गाडी चालवली. माझ्या गाडीपाशी माणूस येतं ते रडत येतं. मला बघितलं की बाया पदर तोंडाला लावतात. लग्नात बी माझ्याशेजारी कुणी बसत न्हाई, अपशकुन वाटतोय. आन् त्या वळणावर तुमी सगळ्या हसत आलात. कमल कशी हसली, धुरपताआत्या कशी हसली, तुमी मागं उभं राहून कशा हसलात, मला एकेकीचं तोंड सांगता येतंय." गाठ सुटली. चिंधी त्यांनी मांडीवर सरळ केली. "दुसऱ्या दिवसापासनं वळणाच्या अलीकडं मी गाडी बाजूला घ्यायचो. आरशात बघून केस विंचरायचो."

भाऊजींच्या डोक्यावर कानांपाशी चार केस आहेत. मी हसले नाही.